घरातल्या लाकडाचा पाळणा

३ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून रोजनिशी. मोठं काम हाती घेतलं की नोंद ठेवावी, असं वाचलं आहे. कुठे वाचलं ते आठवत नाही.

काम असं. लेकीला एप्रिलअखेर बाळ होणार. ऑगस्टमध्ये ती पुन्हा ऑफिसला जाणार. मग दिवसभर बाळ कुठे? जावई म्हणाला, पाळणाघर बघून ठेवलंय आई, स्वच्छ आहे, कॅमेरे आहेत. मी म्हटलं, माझ्याकडे ठेवा, माझ्याकडे डोळे आहेत.  लेकीने समोरची खोली बघितली, आतली बघितली, आतल्या खोलीत जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाली, आई, तुझ्याकडे पाय ठेवायला जागा नाही. बाळाला झोपवणार कुठे?

प्रश्न सोपा आहे. पाळण्यात. पाळणा मी स्वतः करणार. कुणाला सांगायचं नाही. एकदम दाखवायचा. पाळणा बघितला की पाळणाघराचं नाव कोण काढतंय.

आतल्या खोलीत ती काय बघत होती ते मला ठाऊक आहे. ह्यांचं कपाट. त्याबद्दल बोलायचं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लायब्ररीतून सुतारकामाचं पुस्तक आणलं. पान एकशे बारावर चार पायांचा, कठड्याचा पाळणा आहे. लांबी १२० सेंटिमीटर, रुंदी ६०, उंची ९०. लागणारा वेळ: दोन शनिवार, दोन रविवार. एप्रिलअखेरपर्यंत माझ्याकडे बारा शनिवार आहेत. म्हणजे सहा पाळणे होतील. एकच करणार आहे.

मी शाळेत सातवीपर्यंत गेले. बाकी सगळं वाचून केलं. हृदयाचे विकार, समुद्राचे प्रवाह, मधमाश्या. मधमाश्या कधी पाळल्या नाहीत, पण पाळू शकेन.

पुस्तक रात्रीच्या जेवणापर्यंत एकदा वाचून झालं. उद्या दुसऱ्यांदा वाचेन. म्हणजे काम निम्मं झालंच.

९ फेब्रुवारी, सोमवार

कोपऱ्यावरच्या सुताराकडे गेले. नुसती चौकशी. तो म्हणाला, काकू, तयार घ्या, नाहीतर मी करून देतो, चार दिवसांत. मी म्हटलं, चार दिवस लागतात होय. त्याला वाईट वाटलं असावं.

लाकूड विकत घेणार नाही, घरात पुष्कळ आहे म्हटल्यावर तो म्हणाला, हो की, तुमचं ते कपाट आहे ना, खिडकी बसवायला आलो होतो तेव्हा बघितलं होतं, असं लाकूड आता मिळत नाही, त्यात तीन पाळणे होतील. मी म्हटलं, ते कपाट हलवता येत नाही, त्याच्यावर भिंत टेकली आहे. तो म्हणाला, काकू, कपाट भिंतीला टेकतं, भिंत कपाटाला नाही.

तो सुतार आहे. गवंडी नाही.

कपाटात ह्यांचे कपडे आहेत, तसेच. आवरायला सवड झाली नाही. हे गेल्याला दोन वर्षं चार महिने झाले. ही दोन वर्षं फार धावपळीची गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

कामाचा पहिला दिवस. ह्यांची हत्यारांची पेटी काढली. करवत, हातोडी, पटाशी, हाताने फिरवायचं ड्रिल, मोजायची टेप. टेपचं टोक तुटलेलं आहे. आठपासून सुरू होते. पहिला दिसणारा आकडा आठ, म्हणजे पहिले सात सेंटिमीटर नाहीत. पण सात सेंटिमीटरचं काही मोजायचंच नाही. सगळ्यात छोटं माप साठ आहे. हरकत नाही.

लाकडासाठी टीपॉय निवडला. त्याचा काही उपयोग नव्हता. त्यावर वर्तमानपत्रं, चष्मा, औषधं, फोन, चहाचा कप आणि पाय एवढंच असायचं.

चहा दोन कप झाला. रोज होतो. भांडंच तसं आहे.

१५ फेब्रुवारी, रविवार

टीपॉयची पट्टी कापली. पुस्तकात लिहिलं आहे की करवतीला तिचं काम करू द्यावं, जोर लावू नये. मी अर्धा तास करू दिलं. तिने केलं नाही. मग जोर लावला.

खालची वर आली. खालची म्हणजे खालच्या मजल्यावरची शेजारीण. म्हणाली, वहिनी, काय चाललंय, आमच्या छताची पावडर पडतेय चहात. मी म्हटलं, झाडलोट. ती म्हणाली, करवतीने? बाईचे कान फार तीक्ष्ण आहेत. या वयात चांगलं आहे.

२८ फेब्रुवारी, शनिवार

चार पट्ट्या झाल्या. टीपॉय संपला, चपलांचं शेल्फही संपलं. चपला आता दाराशी रांगेत आहेत. मोकळं वाटतं.

तळाचा बोर्ड सुताराकडून कापून आणला, १२० बाय ६०. पट्ट्यांच्या चौकटीत बसवला. बसेना. चारी बाजूंनी बाहेर. तडक सुताराकडे गेले. म्हटलं, तुम्ही मोठा कापलात. त्याने त्याची टेप लावली. बरोबर १२०. मग म्हणाला, तुमची टेप आणा. आणली. त्याने ती उघडली, टोक बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाला, काकू, ही आठपासून सुरू होते. मी म्हटलं, ते मला माहीत आहे. तो म्हणाला, मग हिच्यावर १२० वाचलं की लाकूड ११३ निघतं.

घरी येताना आठवलं. हे मोजायला बसले की पुटपुटायचे, वजा सात, वजा सात. चौतीस वर्षं ऐकलं. मला वाटायचं, काहीतरी प्रार्थना करतात, काम नीट व्हावं म्हणून. विचारलं नाही कधी. देवाचं असेल तर मधे कशाला बोलायचं.

असो. आता गुपित कळलं आहे. यापुढे चूक अशक्य.

८ मार्च, रविवार

सगळ्या पट्ट्या नव्याने कापल्या. या वेळी जेवणाचं टेबल घेतलं. आता उभ्याने जेवते. पचन सुधारतं, असं वाचलं आहे.

मापं अगदी ह्यांच्या पद्धतीने घेतली. १२० हवे, वजा सात, म्हणून टेपवर ११३ ला खूण केली. ६० हवे, वजा सात, ५३. प्रत्येक खुणेला मोठ्याने म्हटलं, वजा सात. काम करताना बरं वाटलं. घरात माणूस बोलतंय असं.

संध्याकाळी बोर्डावर ठेवून बघितल्या. आधीच्यापेक्षाही आखूड. १०६.

बराच वेळ गुणाकार-भागाकार केला. वजा करायचं खरं, पण कशातून, ते हे मोठ्याने म्हणत नसत. तेवढं मनात ठेवायचे.

विचार केला, बाळ काही १२० सेंटिमीटरचं असणार नाही. १०६ भरपूर आहेत. पुस्तकवाल्याने ऐसपैस लिहिलं आहे. बोर्ड कापून घ्यायला सुताराकडे दिला.

१५ मार्च, रविवार

पट्ट्या गोंदाने जोडल्या. गोंद वाळेपर्यंत घट्ट दाबून ठेवायला शिकंजा हवा, असं पुस्तक म्हणतं. माझ्याकडे बारा खंडांचा कोश आहे. एकेक खंड विटेएवढा जड. बाराही खंड सांध्यांवर रचले. वाचनाचा असाही उपयोग होतो हे लोकांना कळत नाही.

१६ मार्च, सोमवार

अकरा खंड निघाले. पाचवा निघत नाही. गोंद बाहेर आला होता आणि पुठ्ठा तिथेच बसला.

ओढून बघितला. खंड येत नाही, चौकट येते.

१७ मार्च, मंगळवार

पाचवा खंड पटाशीने सोडवायला घेतला, तर त्या बाजूचा सांधा करकरला. म्हणजे सांधा गोंदाने धरलेला नाही, खंडाने धरला आहे. तसाच ठेवते. पाळण्याला बाहेरून एक पुस्तक असलं तर बिघडत नाही. बाळ मोठं होईल, हात लांब करेल, वाचेल. अशी सोय विकतच्या पाळण्यात नसते.

२९ मार्च, रविवार

कठड्याचे दांडे बसवले. दांड्यांसाठी चार खुर्च्यांच्या पाठी, पडद्यांच्या लाकडी काठ्या, एक झाडूची, दोन फरशी पुसायच्या. सगळ्यांची जाडी वेगळी आहे. बघायला एकसुरी वाटत नाही.

दोन दांड्यांमध्ये बाळाचं डोकं जाता कामा नये. डोकं नव्हतं, म्हणून कोबी आणला. मध्यम. एकेका फटीत घालून बघितला. अकरा फटींत गेला नाही. बाराव्या फटीत गेला आणि बाहेर आला नाही. कापून काढावा लागला.

फट बुजवली. कोबी तीन दिवस पुरेल.

एक दांडा पक्का करताना लांब पट्टी टोकाशी चिरली. चिरलेलं टोक कापलं. मग दुसरी बाजू त्याच मापाची हवी, म्हणून चांगली असलेली तीही कापली. आता लांबी ९७. बोर्ड पुन्हा सुताराकडे.

१२ एप्रिल, रविवार

पाळणा पायांवर उभा केला. डुगडुगतो. एक पाय लांब आहे. उद्या तेवढा कापला की झालं. अजून सतरा दिवस आहेत.

लेकीचा फोन आला. म्हणाली, दम का लागलाय तुला? मी म्हटलं, जिना चढले. ती म्हणाली, आई, तू घरातच आहेस ना, हा घरचा फोन आहे. मी म्हटलं, आधी चढले होते.

१९ एप्रिल, रविवार

नात झाली. दहा दिवस आधी. पहाटे जावयाचा फोन आला तेव्हा मी एक पाय कापून दुसऱ्याकडे वळले होते. तशीच गेले. हॉस्पिटलात नर्स म्हणाली, आजी, केसांत काय आहे हे. भुसा होता.

नात पन्नास सेंटिमीटरची आहे. त्यांच्याकडे लिहिलेलं असतं. टेप पूर्ण असावी त्यांची.

हे असते तर काय म्हणाले असते, असं लेक म्हणाली. मी म्हटलं, पन्नास म्हणजे खरे त्रेचाळीस का, असं विचारलं असतं. तिला काही कळलं नाही. ती झोपेत होती.

पाळणा तयार नाही याचं वाईट वाटत नाही. पहिले तीन महिने बाळ आईजवळच असतं. खरी तारीख ऑगस्टची आहे. मी उगाच एप्रिल धरून बसले होते.

१० मे, रविवार

पाय सारखे करणे. पहिला कापला की दुसरा लांब. दुसरा कापला की चौथा. उंची ७६ वरून ६९, मग ६०. आता ४४.

फायदा: पडण्याची उंची कमी झाली.

नात चोपन्न सेंटिमीटर.

३१ मे, रविवार

पाळण्याची एक बाजू बसते, दुसरी बसत नाही. पायांमुळे नाही, पट्टी बाकदार आहे. सरळ लाकूड हवं, आणि घरात सरळ लाकूड दोनच ठिकाणी आहे. एक माझी खाट. दुसरं ते.

कपाटासमोर थोडा वेळ उभी राहिले. नुसती पाहणी. हात लावून बघितलं. लाकूड खरंच चांगलं आहे. पण आतून किडलं असेल. जुन्या लाकडाचं सांगता येत नाही. शिवाय भिंत. शिवाय मूठ उजवीकडे आहे, म्हणजे लाकडाचा धागा उजवा असणार, आणि पाळण्याला डावा लागतो. असं वाचलं आहे.

खाट उद्या सोडवते.

१४ जून, रविवार

गादी जमिनीवर टाकली आहे. पाठीला चांगलं. खालची म्हणाली, वहिनी, आता तुमच्या कुशीवर वळण्याचा आवाजसुद्धा येतो मला. मी म्हटलं, मग हळू वळेन.

दुपारी जावई आला. लेकीने औषध पाठवलं होतं. दार उघडल्यावर तो दारातच थांबला. टीपॉय नाही, टेबल नाही, खुर्च्या नाहीत, पडदे नाहीत, बारा खंडांतले अकरा जमिनीवर. हळूच म्हणाला, आई, चोरी झाली का? मी म्हटलं, नाही, आवराआवर करते आहे. तो म्हणाला, खुर्च्यांची? मी त्याला बसा म्हटलं. तो इकडेतिकडे बघत उभाच राहिला. आतल्या खोलीचं दार मी लावून घेतलं होतं.

तासाभरात लेकीचा फोन. आई, तू बरी आहेस ना? खरं सांग. मी म्हटलं, उत्तम. ती म्हणाली, लोक असं सगळं काढून टाकायला लागले की मला भीती वाटते. मी म्हटलं, कोण लोक?  मग ती म्हणाली, पाळणाघराचा फॉर्म आला आहे, या महिनाअखेर भरायचा. जागा संपतात त्यांच्याकडे.

तिला म्हटलं, जरा थांब. एवढंच.

आता गाठ महिनाअखेरशी आहे.

२८ जून, रविवार

खाटेच्या पट्ट्या लावल्या. स्क्रू पिळताना एक उभी चिरली. नियमाप्रमाणे दुसरीही कापली. लांबी ८३. बोर्ड सुताराकडे. तो म्हणाला, काकू, हा बोर्ड मी चौथ्यांदा कापतोय, अजून दोनदा आणलात तर चहाचा ट्रे होईल. मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा. तो म्हणाला, तेच म्हणतोय, करू द्या ना मला.

लेकीने फॉर्म महिनाभर पुढे ढकलला आहे. माझ्यासाठी नाही, फोटो मिळत नव्हता म्हणून, असं ती म्हणाली. नातीचे तिच्या फोनमध्ये सहाशे फोटो आहेत.

१२ जुलै, रविवार

चांगली बातमी: पाळणा पाळण्यासारखा दिसतो.

दुसरी बातमी: पाचव्या खंडाच्या बाजूने कलतो. ज्ञानाचा भार. भार कमी व्हावा म्हणून ती बाजू आखूड केली, मग दुसरी. लांबी ६६.

नात साठ. कपडे लहान होत आहेत, असं लेक म्हणाली. मुलं फार घाईने वाढतात.

आज पहिल्यांदा वाटलं की आपल्याला हे येत नाही. दहा मिनिटं वाटलं. मग पुस्तक पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. प्रस्तावनेत लिहिलं आहे की लाकूड माणसाचा स्वभाव ओळखतं. यावर माझा विश्वास नाही.

२० जुलै, सोमवार

सुताराला घरी बोलावलं. नुसतं बघायला. दारातून आत आला, रिकाम्या घरातून चालत आतल्या खोलीत गेला, पाळण्याभोवती एक फेरी मारली. हसला नाही. मला वाटलं होतं हसेल. उकिडवा बसला, दांडे मोजले, झाडूची काठी ओळखली. मग विचारलं, आणि हे पुस्तक? मी म्हटलं, ते काढता येणार नाही. तो म्हणाला, दिसतंय.

म्हणाला, काकू, एकटा हा उभा राहणार नाही. कशाला तरी धरून ठेवावा लागेल. घरात दुसरं काहीच उरलेलं नाही. म्हणून दोन लोखंडी पट्ट्या आणि आठ स्क्रूंनी त्याने पाळणा कपाटाला जोडून दिला. जोडताना चिरलेलं टोक कापावं लागलं. आतली लांबी ५८.

ढकलून बघितलं. हलत नाही. कपाट जागचं हलत नाही, म्हणून पाळणाही नाही.

कपाटाचं दार आता उघडत नाही. पाळणा मधे येतो. आतले कपडे आवरायचं मनात होतं, अगदी याच आठवड्यात आवरणार होते. आता इलाज नाही.

जाताना सुतार म्हणाला, काका मोजायचे मात्र चोख. एकदा माझ्याकडून फळी नेली होती, घरी जाऊन परत आले, म्हणाले, दोन मिलिमीटर जास्त दिलीस. मी म्हटलं, हो, ते तसेच. तो गेल्यावर घरभर दारं लावत फिरले. दारं तीनच आहेत.

पाळण्याला पांढरा रंग दिला. कपाटाच्या दारावरही थोडा गेला.

२६ जुलै, रविवार

लेक, जावई, नात आले. आधी कळवून आले, म्हणून मी तयार होते. पाळण्यावर चादर टाकून ठेवली होती. आत नेलं आणि चादर ओढली.

 जावई म्हणाला, आई, हा तुम्ही केलात? मी म्हटलं, हो. तो म्हणाला, आणि खुर्च्या? मी म्हटलं, त्या यातच आहेत. टेबलही. त्याने खाली वाकून बघितलं आणि एक ओळखीचा दांडा सापडल्यासारखी मान हलवली.

लेक म्हणाली, पाळण्याला पुस्तक का आहे? मी कारण सांगितलं.

नातीला ठेवून बघू म्हटलं. ठेवली. डोकं एका टोकाला लागलं आणि पाय दुसऱ्या टोकाला दुमडले. तिरपी ठेवून बघितली. तरी. जावयाने खिशातून टेप काढली. जावई टेप घेऊन फिरतो हे मला माहीत नव्हतं. पाळणा ५८, नात ६१ आणि थोडी वर.

मी म्हटलं, फेब्रुवारीत भरपूर मोठा होता.

लेक हसायला लागली. जमिनीवर बसली आणि हसत राहिली, बराच वेळ. मधे एकदा ते हसणं वाटेना. जावई नातीला घेऊन समोरच्या खोलीत गेला, खिडकी दाखवायला. मी पण खाली बसले, कारण बसायला दुसरं काही नाही.

मी म्हटलं, जागा नाही म्हणालीस ना. ती म्हणाली, अगं, ते टीपॉय आणि टेबल म्हणत होते मी, आपटायचो आम्ही सगळे त्याला. मी म्हटलं, तू आत बघत होतीस. कपाटाकडे. ती म्हणाली, हो, बघत होते. इथे आले की दर वेळी बघायचे, ते अजून आहे ना. तुला वाटलं, मी ते काढायला सांगतेय? मी चादरीची घडी घालायला घेतली. ती म्हणाली, आई, एवढं सगळं कापलंस, पण ते कापलं नाहीस, हे किती बरं झालं.

उठली आणि कपाटाच्या दारावर कपाळ टेकवून उभी राहिली. मी म्हटलं, रंग लागेल. ती म्हणाली, लागू दे. मग मीही टेकवलं. रंग वाळला होता.

नात तोवर जावयाने माझ्या गादीवर ठेवली होती. गादी जमिनीवर, भोवती मोकळी खोली, एकही कोपरा नाही की ज्याला डोकं आपटेल. ती पाय झाडत होती आणि एकेका बाजूला कलंडायला बघत होती. जावई चारी बाजूंनी फिरून आला. म्हणाला, इथून ही पडणार कुठे? पाळणाघरातसुद्धा एवढी मोकळी जागा नाही.

लेक म्हणाली, सोमवारपासून, तीन तारखेला. सकाळी आठला आणून सोडते. फॉर्म तिने पर्समध्येच ठेवला होता, तो फाडून चार तुकडे माझ्या हातात दिले. कागद जाड होता, चांगला होता. कोरी बाजू वापरता येईल.

एकंदरीत पाळण्याचा उपयोग झाला असं म्हणायला हवं.

२ ऑगस्ट, रविवार

उद्याची तयारी. वेळापत्रक केलं. फॉर्मच्या पाठीवर लिहिलं.

८ ते ९ दूध आणि ओळख. ९ ते १० खेळ, रंग ओळखणे. १० ते १२ झोप, त्या वेळात मी वाचेन आणि स्वयंपाक. १२ ते १ दूध, गाणी. १ ते ४ झोप, त्या वेळात नवं छोटं स्टूल करायला घेता येईल. ४ ते ६ मोकळं.

बाळाच्या झोपेवर एक पुस्तक वाचलं आहे. झोप लागली की हळूच खाली ठेवायचं, हात काढून घ्यायचा, खोलीबाहेर यायचं. तीन पायऱ्या. लेकीला सांगितलं, काळजी करू नकोस, तुला मी वाढवलं आहे. ती म्हणाली, आई, मी कुठे झोपायचे लहानपणी? मला आठवेना. घरात पाळणा तर नव्हता.

३ ऑगस्ट, सोमवार, सकाळी ८:२०

आणून सोडली. लेक जिन्यात तीनदा मागे वळली. जावई गाडीत होता. नात रडली नाही. मी वेळापत्रक भिंतीला लावलं आहे.

९:४०

रंग ओळखले नाहीत.

१०:१५

वेळेवर झोपली. माझ्या हातावर. पंधरा मिनिटं उशीर, मान्य. आता पायरी पहिली.

१०:१७

खाली ठेवली. उठली.

१०:५०

झोपली. ठेवली. उठली.

११:३०

झोपली. या वेळी ठेवण्याआधी तिच्या कानात मधमाश्यांची माहिती सांगितली. ठेवली. उठली.

१२:४०

डाव्या हाताने लिहिते आहे. उजव्या हातावर ती आहे. अक्षर वाचता येणार नाही, पण वाचणार कोण. गादीवर बसले आहे, पाठीला काही नाही. भिंत चार पावलांवर आहे. स्वयंपाक झालेला नाही. चहा केला होता, एकच कप झाला, घाईत. तो खिडकीत गार झाला आहे. दिसतो आहे.

१:५५

खालची आली, दार वाजवलं, म्हणाली, वहिनी, आज आवाज नाही, सगळं ठीक ना? मी उत्तर दिलं नाही. ती थोडी थांबली आणि हळू पायांनी खाली गेली.

३:१०

हात खांद्यापासून बोटांपर्यंत बधिर झाला आहे. बोट हलवून बघितलं, हललं की नाही कळलं नाही. तिच्या तोंडातून लाळ येऊन बाही ओली झाली आहे. पाठीमागे टेकायला एखादी खुर्ची असती तर. चार होत्या.

हात हलवणार नाही.